घरटी एक काळीज

काष्टीच्या छबूबाईंचा राग सगळ्या गावाला माहीत. बाजारात काटा मारणाऱ्याला चारचौघांत झापतील, सरपंचाला तोंडावर बोलतील. पण थोरली बहीण रतनबाई गेल्यापासून त्या रागाला धार आली होती, आणि खोटं कशाला बोला, तो राग रास्त होता.

रतनबाईच्या छातीत जन्मभर धडधड. काळीज मधेच पळायचं, मधेच अडखळायचं. "बाईच्या जातीला व्हतंच," म्हणून घरच्यांनी सोडून दिलं. गेल्या साली शहरातून डॉक्टरांचं पथक आलं. गावोगाव किती जणांचे ठोके बेताल पडतात ते मोजत होतं. असल्या काळजात रक्ताची गुठळी होते, ती मेंदूत गेली की माणूस लुळं पडतं. पण तिच्या घरातून मोजलं कोणाला? रतनबाईच्या नवऱ्याला! तो ठणठणीत निघाला. रतनबाई तेव्हा पथकासाठी चहा करत होती. दिवाळीनंतर भाकरी थापता थापता तिचं तोंड वाकडं झालं, वाचा गेली, आणि महिनाभरात तीही गेली.

यंदा पथक परत आलं. देवळाच्या भोंग्यावरून पुकारा झाला, "घरटी एक जण या." आता गावात चूलबंद आवतण असलं तर बायकापोरांसकट सगळं घर जेवायला जातं; घरटी एक म्हटलं की कर्ता गडी जातो. बापजाद्यांपासून हेच. पथकानं घरोघर चिठ्ठ्या टाकून माणूस निवडायला सांगितलं होतं, पण चिठ्ठ्या टाकतो कोण! सभामंडपात टोप्यांची रांग लागली. छबूबाईंचा मुलगा मच्छिंद्रही इस्त्रीचा सदरा घालून जाऊन बसला. तालमीत वाढलेला गडी, धाप कशाला म्हणतात ते त्याला ठाऊक नाही. आणि घरात त्याची बायको पंकजा, लहानपणी तापात सांधे धरलेली, तेव्हापासून हंडा उचलला की धाप लागून भिंतीला टेकून उभी राहायची.

छबूबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी पंकजाचं मनगट धरलं आणि तिला पिठाच्या हातांनी तशीच मंडपात नेली.

"ऊठ रं मच्छ्या. हिला बसू दे."

"आये, घरटी एकच सांगितलंय. लोकांत काय हे?"

"एकच ना? मग ही एक. तुझ्या काळजाला काय धाड भरलीय?"

रांगेतला एक पुढारी हसला. "बायकांना न्हाई होत हे. मागल्या मोजणीत एक बी बाई निघाली न्हाई."

"निघंल कशी? बोलावली हुती का एक तरी?" छबूबाई कडाडल्या. "माझी रतन तुमचा चहा उकळीत हुती, मुडद्यांनो!"

पथकातल्या अश्विनी डॉक्टरांनी सगळ्या रांगेवरून नजर फिरवली. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी पंकजाला पडद्याआड नेलं. यंत्रातून कागदाची पट्टी निघाली. ठोक्यांना ताळतंत्र नव्हता.

"मावशी, हिला आजच नगरला न्या. आत्ताच औषध सुरू झालं तर गुठळीचा धोका बराच टळेल."

मच्छिंद्रनं डोकं खाजवलं. "आजच? मग संध्याकाळी म्हशींच्या धारा कोण काढील?"

छबूबाई त्याच्याकडे बघतच राहिल्या.

"रतन आडवी पडली," त्या हळूच म्हणाल्या, "तवा तिच्या नवऱ्यानं बी पयलं हेच इचारलं हुतं."