गेम सुधारला म्हणे

सहा वर्षांनी मित्राचा फोन आला तेव्हा मी कराडला एका बिल्डरच्या ऑफिसात बसून कॉम्प्युटरवर पोहण्याचा तलाव रंगवत होतो. कडेला नारळाची झाडं, झाडांखाली हसणारं एक कुटुंब. त्या जागेवर प्रत्यक्षात पार्किंग होणार हे बिल्डरला ठाऊक होतं आणि मलाही. असली चित्रं काढण्याचाच मला पगार मिळतो.

"गेम सुधारलाय गड्या," तो म्हणाला. कसा आहेस, कुठं आहेस, काही नाही. "लय सुधारलाय. कळप आलाय त्यात. सांगलीला ये, बघ एकदा."

'बघतो' म्हणून मी फोन ठेवला. त्या दिवशी तलाव काही पुरा झाला नाही.

आम्ही दोघं म्हसवडजवळच्या एकाच गावचे, पहिलीपासून एका बाकावरचे. कॉलेजला सांगलीत एका खोलीत राहिलो. खोलीत एकच जुना कॉम्प्युटर, त्यावर अंतराळातला एक साधा गेम होता. एकानं यान चालवायचं, दुसऱ्यानं शेजारी बसून वहीत ग्रहांचे नकाशे काढायचे. त्या वहीवरून आमची भांडणंही व्हायची, कारण तो ग्रहांना नावं देताना मला विचारायचा नाही. पुढं तो सांगलीतच कॉलेजात फिजिक्स शिकवायला लागला आणि सुटीच्या दिवशी ग्रहताऱ्यांवर, गेमवर मराठीत व्हिडिओ करायला लागला. मी थ्रीडी शिकलो आणि पुण्यात एका स्टुडिओत लागलो. एका परदेशी कंपनीच्या मोठ्या गेमचं काम तिथं आलं होतं. अगणित ग्रह, कुठंही उतरा, कुठंही चाला, असा तो गेम. त्यातले प्राणी करायचं काम आमच्याकडं आलं.

एक दिवस साहेबांनी सांगितलं की जाहिरातीसाठी तीन मिनिटांचा तुकडा करायचाय. खेळणारा एका कोरड्या ग्रहावर उतरतो, समोरून मोठा कळप येतो, त्याच्या दोन्ही अंगांनी वाहत निघून जातो. प्राणी सहा पायांचे. चाल मात्र खरी वाटली पाहिजे.

खरी चाल ठाऊक असलेला माणूस माझ्या घरातच होता. माझ्या वडिलांनी, आबांनी, जन्मभर मेंढरं राखली. दिवाळीनंतर कळप घेऊन खाली उतरायचं, पाऊसकाळाला माघारी यायचं. गुडघे गेल्यावर त्यांनी कळप विकला. मी सुटी घेऊन गावी गेलो आणि आबांना विचारलं, कळप चालतो कसा? असं कुणी विचारेल हे त्यांना कधी वाटलं नसावं. आधी हसले. मग दोन दिवस बोलत राहिले.

"म्होरली थांबली म्हंजी मागली लगीच थांबत न्हाई," ते म्हणाले. "ती आदी हिच्या पाठीवर त्वांड टेकती, मग थांबती. आन दुपारच्याला बघ, उनात समदी गोल हुत्यात. एकमेकीच्या पोटाखाली मुंडकी घालत्यात. सावली कुठनं मिळंल? एकमेकीचीच."

हे सगळं मी इंग्रजीत लिहून काढलं. चाळीसेक पानांची टिपणं झाली. त्यातलं पुढच्या मेंढीचं थांबणं मी त्या तुकड्यात बसवलं. दुपारचा तो घोळका बसवायला वेळ मिळाला नाही, तो टिपणांतच राहिला.

आता खरी गोष्ट सांगतो. तो कळप म्हणजे निव्वळ देखावा होता. एकेक प्राणी कुठून निघणार, कुठं थांबणार, हे मी हातानं आखलेलं. गेममध्ये ग्रह आपोआप तयार होतात, तिथं असलं काही चालणारच नव्हतं. आम्ही केलेले प्राणी गेमच्या आत एका जागी उभं राहून मान हलवायचे, नाहीतर दगडाला धडकत राहायचे. साहेब म्हणायचे, गेम बाहेर पडेपर्यंत होईल. होणार नाही हे मला दिसत होतं.

ती जाहिरात जगभर गाजली. आबांनी ती माझ्या मोबाइलवर बघितली आणि म्हणाले, "ही काय मेंढरं न्हवंत. पर चालत्यात मेंढरावानी." एवढं कौतुक त्यांनी माझं कधी केलं नव्हतं.

मित्र तर वेडाच झाला. तेव्हा आम्ही दोघं साताऱ्याकडच्या औंधला गेलो होतो. यमाईच्या डोंगराच्या पायऱ्या चढताना दम खायला बसलो आणि त्यानं विचारलं, "खरं सांग. ही जाहिरातीतली लबाडी न्हाई न्हवं? गेममधी खरंच असा कळप हाय?"

मी सही केलेल्या कागदाप्रमाणं कामाबद्दल कुणाशी काहीच बोलायचं नव्हतं. 'सांगता येत नाही' एवढं म्हटलं असतं तरी त्याला कळलं असतं. पण गावातल्या कुणी केली नाही अशी गोष्ट मी केली होती, आणि ज्याला तिची किंमत कळत होती असा एकच माणूस समोर बसला होता.

"व्हय," मी म्हणालो. "समदं हाय."

त्यानं माझ्या पाठीवर जोरात थाप मारली. त्याच पायऱ्यांवर आमचा दोघांचा एक फोटो काढून त्यानं आपल्या चॅनेलवर लावला. खाली लिहिलं, 'माझा दोस्त ग्रह बनवतो.'

गेम बाहेर पडला त्या दिवशी त्यानं कॉलेजातून रजा काढली आणि सकाळपासून चॅनेलवर लोकांना थेट दाखवत खेळायला बसला. मी पुण्यात ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर बघत होतो. पहिल्या ग्रहावर जांभळं गवत आणि तीन प्राणी, पैकी एक खडकात कंबरेपर्यंत रुतलेला. तो हसला. "म्होरं असंल," म्हणाला. दुसरा ग्रह. तिसरा. प्रत्येक ठिकाणी तेच दगड, तेच गवत, फक्त रंग वेगळा. बाराव्या ग्रहापर्यंत त्याचं बोलणं बंद झालं होतं. तो नुसता चालत होता, टेकडीवर चढून पलीकडं बघत होता, परत खाली येत होता. ते बघणं मला असह्य झालं, तरी मी उठलो नाही.

चौथ्या तासाला तो थांबला आणि कॅमेऱ्याकडं बघून म्हणाला, "माझा जिवाभावाचा दोस्त हा गेम करणाऱ्यांतला आहे. त्यानं मला देवीच्या पायरीवर बसून सांगितलं होतं की कळप आहे. एक तर त्याला कुणी फसवलं, नाहीतर त्यानं मला फसवलं."

जगभर लोक आधीच चिडलेले होते. कुणीतरी तेवढाच तुकडा कापून, खाली इंग्रजी लिहून पुढं पाठवला. फोटो चॅनेलवर होताच. तिसऱ्या दिवशी साहेबांनी मला आत बोलावलं.

"तू बाहेर बोललास," ते म्हणाले.

"सर, जाहिरातीत जे दाखवलं तेच बोललो."

"तुला बोलायची परवानगी नव्हती."

कंपनीनं अख्ख्या जगाला जे खोटं सांगितलं, तेच मी एका माणसाला सांगितलं होतं. जगाला सांगणारे आपापल्या खुर्चीवर राहिले. मला संध्याकाळपर्यंत टेबल रिकामं करायला सांगितलं. पुढं पुण्यात जिथं जिथं गेलो तिथं लोकांनी आधी तो व्हिडिओ बघितलेला असायचा. वर्षभरानं मी कराडला आलो.

मित्राचा फोन आला नाही. मीही केला नाही. गावात सणावाराला समोरासमोर आलो तर तो रस्त्याच्या त्या बाजूनं जायचा, मी ह्या.

आणि इकडं तो गेम सुधारत गेला. कंपनीनं तोंड बंद ठेवलं आणि काम करत राहिली, असं लोक लिहायचे. दर काही महिन्यांनी नवं काहीतरी यायचं, तेही फुकट. समुद्र आले, मोडकी जहाजं आली, चार जणांनी मिळून फिरायची सोय आली. शिव्या देणारे लोक हळूहळू माघारी फिरले. मी वाचायचो सगळं. खेळलो मात्र एकदाही नाही. तो गेम पडावा, कंपनी बुडावी असं मला मनापासून वाटायचं, आणि तसं होत नव्हतं.

तरी फोननंतरच्या रविवारी मी सांगलीला गेलो. का गेलो, तर कळप आलाय म्हणाला म्हणून. दुसरं काही कारण सांगितलं तर ते खोटं ठरेल.

विश्रामबागेतल्या फ्लॅटचं दार त्यानंच उघडलं. केस पिकले होते. वहिनींनी हसून पाणी दिलं, जेवायला वाढलं. जेवताना आम्ही दोघं वहिनींशीच बोललो. मग तो मला आतल्या खोलीत घेऊन गेला. मोठा पडदा, दोन दिवे, टेबलावर माईक.

त्यानं गेम लावला. तांबड्या मातीचा ग्रह, आमच्या माण तालुक्यातलं माळरान दिसावं तसा. तो टेकडीवर चढला आणि खाली बोट दाखवलं. खाली कळप होता. दोन-तीनशे जनावरं, सहा पायांची. पुढची थांबली. मागचीनं तिच्या पाठीवर तोंड टेकलं, मग थांबली.

"ही तुझीच चाल न्हवं?" तो म्हणाला.

गेममध्ये ऊन चढत गेलं तसा कळप गोळा व्हायला लागला. एकेक जनावर दुसऱ्याच्या पोटाखाली मान घालून उभं राहिलं. बघता बघता सगळ्यांचा एक गोल झाला, आत सावली.

हे जाहिरातीत कधीच नव्हतं. हे फक्त माझ्या टिपणांत होतं. म्हणजे मला काढून टाकल्यावर कुणीतरी ती चाळीस पानं उघडली होती, नीट वाचली होती, आणि आबांचं बोलणं जसंच्या तसं उभं केलं होतं. फार छान केलं होतं. मला कधी जमलं नसतं इतकं छान. आम्ही गेमच्या शेवटची नावांची यादी बघितली. त्यात मी नव्हतो.

"मी नवा व्हिडिओ करतोय," तो म्हणाला. "ह्या गेमला माफ करावं का, ह्याच्यावर. मी म्हणनार, करावं. त्यांनी चूक केली, पन सहा वर्षं राबून दिलेला शब्द पुरा केला. तू कॅमेऱ्याम्होरं सांगशील का, की चाल तुझी हाय?"

"त्यास्नी माफ केलंस?"

"केलं."

"आन मला?"

पडद्याकडं बघतच तो म्हणाला, "तू माझ्या तोंडावर खोटं बोललास. यमाईच्या पायरीवर."

"आन तू चार तासांत माझी नोकरी खाल्लीस."

"मी तुझं नाव घ्येतलं न्हवतं."

"फोटो हुता की."

"फोटो आदीपासनं हुता. माझ्या ध्यानात बी न्हवतं."

"कंपनी बी खोटंच बोलली हुती गड्या."

"पन त्यांनी दुरुस्त केलं," तो एकदम चढ्या आवाजात म्हणाला. "रोज बसून केलं. तू काय केलंस? सहा वर्षांत एक फोन तरी केलास?"

"तू केलास?"

"परवा केला की."

"गेमसाठी केलास."

दाराशी वहिनी येऊन उभ्या राहिल्या आणि परत गेल्या. तो म्हणत होता ते खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच मला जास्त राग येत होता. त्या पायऱ्यांवर 'न्हाई' म्हणायला मला कुणी अडवलं नव्हतं. नोकरी गेली हे मी सहा वर्षं धरून बसलो, आणि तो बाराव्या ग्रहावर तोंड बंद करून टेकड्या चढत होता ते मात्र आठवायचं टाळत आलो.

"माझं चुकलं," मी म्हणालो. "मला ठावं हुतं कळप न्हाई त्ये. तरी बोललो. लय चुकलं माझं."

तो माझ्याकडं वळला. डोळे भरून आले होते, हे मी शपथेवर सांगेन. त्यानं माझा हात धरला आणि म्हणाला, "हेच. हेच बोल. थांब, कॅमेरा लावतो."

मी हात सोडवून घेतला. "कशाला?"

"आरं, लोकांना कळू दे की. तुझ्याबद्दल बी चांगलंच हुईल. मन मोकळं हुईल."

"मी तुला बोललो."

"व्हय, पन..." तो दिव्याचं बटण शोधत होता. त्याला खरोखरच कळत नव्हतं मी का उठलो ते. वहिनींना 'येतो' म्हटलं, चपला घातल्या आणि स्टँडवर येऊन मिळेल ती कराडची एसटी धरली. बसमध्ये तीनदा त्याचा फोन वाजला. तिन्ही वेळा मी तो वाजू दिला.

नऊ दिवसांनी व्हिडिओ आला. मी ऑफिसात दुपारच्या सुटीत बघितला. मुद्देसूद होता. पहिल्या दिवशी गेम घेतलेल्यांचं काय, त्यांची निराशा कोण भरून देणार, हेही त्यानं विचारलं, आणि तरी शेवटी म्हणाला की झालेल्या चुकीवर जो बसून काम करतो त्याला आपण परत आत घ्यायला पाहिजे. बोलताना त्याचा आवाज जड झाला. खाली लोकांनी भरभरून लिहिलं होतं. एकानं विचारलं होतं, 'सर, तुमचा तो दोस्त होता ना कंपनीत, त्याचं पुढं काय झालं?' त्यानं उत्तर दिलं होतं, 'संपर्क नाही.'

मी बराच वेळ तिथं काहीतरी लिहीत होतो आणि पुसत होतो. बिल्डरचा माणूस येऊन तलावाचं विचारून गेला. शेवटी मी एवढंच लिहिलं, 'व्हिडिओ चांगला झालाय.' तासाभरानं बघितलं तर त्यानं माझ्या वाक्यावर लाल बदाम ठेवला होता. वरच्या आणि खालच्या अनोळखी लोकांच्या वाक्यांवरही तसाच ठेवला होता.