आई नावाची फाइल

आमच्या अंबरपेठच्या घरात फायलींना नावं द्यायचं खूळ मीच आणलं. मी पुण्याची, नोकरी कम्प्युटरवरची आणि स्वभाव असा की डेस्कटॉपवर नुसत्या आकड्यांचे फोटो पसरलेले दिसले की डोकंच फिरतं. सासू-सासऱ्यांच्या लग्नाचा वाढदिवस जवळ आला होता. त्या दिवशी टीव्हीवर सगळे जुने फोटो दाखवायचं ठरलं आणि मी फर्मान काढलं, आपापल्या फोल्डरमधल्या फोटोंना ज्याने त्याने नीट नावं द्यायची.

सासूबाईंना शिकवायला मला एक दुपार पुरली. फोटो निवडायचा, एफ-टू दाबायचं, नाव लिहायचं आणि माउसला हात न लावता टॅब दाबला की पुढचा फोटो नावासाठी तयार. "अगंबाई, हे तर मटार सोलण्यापेक्षा सोपं!" म्हणून त्या सुरूच झाल्या. पुढे मी त्यांना सांगितलं की एकाच समारंभाचे सगळे फोटो एकदम निवडून एकदाच नाव दिलं की आकडे कम्प्युटर आपला आपण लावतो. मग काय, नातवाची अख्खी मुंज त्यांनी बसल्या बसल्या उरकली आणि नारायणगुड्याच्या बहिणीला फोन करून तासभर ऐकवली. मला इतकं कौतुक वाटलं त्यांचं!

फक्त त्या नावांमध्ये माणसांची नावंच नव्हती. "वडीलधाऱ्यांची नावं घेतात का गं? आणि ह्यांचं तर मी आजवर उखाण्याशिवाय घेतलं नाही." त्यामुळे सासऱ्यांचे फोटो 'हे, गच्चीवर', 'हे, रागावलेले', 'हे, पुन्हा रागावलेले' असे लागले होते. आणि एका फोटोला नुसतं 'आई'.

तो सासूबाईंच्या आईचा एकुलता एक फोटो. विशीतली बाई, नाकात भली मोठी नथ, रुंद कपाळ. मामांनी, म्हणजे सासूबाईंच्या भावाने, कधीतरी फोनवर पाठवलेला. मूळ कागदी फोटो पुढे मामांच्या घरात पाणी शिरलं तेव्हा गेला, आणि त्यांचा फोनही त्यातच गेला. सासूबाईंचा तेव्हाचा फोनही कधीच बदलला. उरली ही फाइल. आमच्या घरात जुन्या फोटोंची तशी बोंबच होती. सासू-सासऱ्यांच्या लग्नाचा तर एकही नव्हता, फोटोग्राफरचा रोल म्हणे कॅमेऱ्यातच अडकून फाटला.

माझा नवरा आईवर गेलाय. त्यानेही आपल्या फोल्डरमध्ये सासूबाईंच्या फोटोला नाव दिलं, 'आई'. त्याची आई ती आईच, दुसरं काय लिहिणार बिचारा.

रविवारी सकाळी या पठ्ठ्याने सासूबाईंचे सगळे फोटो कट करून एका मोठ्या फोल्डरमध्ये टाकले आणि त्यावर आपले टाकले. कम्प्युटरने रीतसर विचारलं, या नावाची फाइल इथे आहे, बदलू, सोडू की दोन्ही ठेवू? वाचतो कोण! 'बदलू' वर टिचकी मारून साहेब चहाला गेले.

थोड्या वेळाने सासूबाई हौसेने फोटो बघायला बसल्या. 'आई' उघडलं आणि त्या थबकल्या.

"अगं, ही तर मीच. माझी आई कुठे गेली?"

मी कंट्रोल-झेड दाबून पाहिलं, रिसायकल बिन पाहिली. पण एका फाइलवर दुसरी बसली की खालची तिथेसुद्धा जात नाही. मी नवऱ्याला असं काही फैलावर घेतलं की शेजारच्या तेलुगू काकू गॅलरीत आल्या.

सासूबाई रडल्या नाहीत. "राहू दे गं, त्याला नको परेशान करू. चेहरा लक्षात आहे माझ्या," म्हणाल्या. मग हळूच म्हणाल्या, "कपाळ तेवढं नीट आठवत नाही."

ते ऐकून मला रडू फुटलं.

उरले होते सासरे. त्यांचे फोटो घराच्या किल्लीला लावलेल्या पेनड्राइव्हमध्ये, आणि ते द्यायला त्यांनी साफ नकार दिला होता. "माझं मी बघतो, तुमच्या गडबडीत मला नक्को." त्यांच्याकडे काही सापडेल अशी आशाही नव्हती, कारण त्यांचं आणि त्यांच्या सासूचं कधी पटलंच नाही. "तुझ्या आईने मला कधी गरम पोळी वाढली नाही," हे त्यांचं जेवतानाचं ठरलेलं वाक्य. तरी विचारलं. त्यांनी पेपरमागून किल्ल्यांचा जुडगा पुढे केला.

'आई' शोधलं, 'सासूबाई' शोधलं. नाहीच. मग खाली एक नाव दिसलं, 'ही, लग्नातली'.

"बाबा! लग्नातला फोटो आहे आणि तुम्ही बोलला नाहीत?" असं म्हणत मी तो उघडला. समोर नथ घातलेली सासूबाईंची आई.

सासूबाईंनी माझा हात गच्च धरला.

"बाबा, अहो, या तर आजी आहेत," मी म्हटलं. "तुम्ही नाव चुकवलंत."

"हौ, कळतं मला कोण आहे ते." पेपर काही खाली आला नाही. "हिच्याच फोल्डरमधून घेतला. आमचा रोल फाटला, मग काय करायचं? मांडवात ही अगदी अशीच दिसत होती. हीच नथ, हेच कपाळ."

सासूबाईंनी स्क्रीनवर आईच्या कपाळाला बोट लावलं, मग तेच बोट आपल्या कपाळाला.

"अहो, खरंच माझं असं होतं?"

आता मात्र पेपर खाली आला.

"होतं काय? आहे की अजून."