लांडग्याला माफी

आमच्या नांदे गावच्या शाळेत शनिवारी पालक मुलांचे गट करून त्यांना गोष्टी वाचून दाखवतात. मुलांनी मिळूनमिसळून राहावं, हा हेतू. पुस्तकं निवडायचं काम माझ्याकडे होतं. वर्तमानपत्रात काम करणाऱ्याला चांगलं-वाईट कळतं, असा बाईंचा समज होता आणि माझाही.

एका शनिवारी एक नवी आई वाचायला आली, मेंढ्या राखणाऱ्या घरातली. नाव विचारायचं राहिलं. बातमीदाराला हे शोभत नाही. "माज्या पोरीजवळ कुनी बसत न्हाई, म्हणून आले," एवढंच ती म्हणाली. पोरगी दुसरीतली, भिंतीला टेकून एकटी बसलेली. मी आईच्या हातात क्षमेची गोष्ट दिली. लांडगा कोकरू पळवतो, मग रडतो आणि मेंढ्या त्याला माफ करतात.

ओळीखाली बोट सरकवत ती मोठ्यानं वाचत होती. माफीपाशी बोट थांबलं. पुस्तक मांडीवर आपटून ती म्हणाली, "ह्या मेंढ्या येड्या हायेत."

"ताई, पुस्तकात आहे तसंच वाचा," मी म्हणालो.

"तुमी करा माफ. तुमचं कोकरू कुटं गेलंय?"

पोरं हसली. भिंतीजवळून बारीक आवाज आला, "आमचं गेलंय. बिबट्यानं नेलं."

"खरंच? तू बघितलास?" पोरं तिच्याकडे सरकली. आई पदर तोंडाला लावून बघत राहिली.

मी माझ्या गटाकडे परतलो आणि मैत्रीची गोष्ट वाचायला घेतली. मान वर केली तेव्हा माझी पोरंही त्या मुलीला खेटून बसली होती. उरलेली गोष्ट मी सतरंजीला वाचून दाखवली.