कापलेल्या रेघा थोड्याच होत्या

मॉडेलचा तिसरा रनही अडकला तेव्हा माझा बॉस डेव्ह माझ्या क्यूबिकलपाशी येऊन उभा राहिला. "सोमवारी शेरिलला रिझल्ट दाखवायचेत. काय अडलंय?"

"मशीन्स एकमेकींची वाट बघताहेत," मी म्हणाले.

हे २००४ मधलं. अमेरिकेत वेस्ट विंडसरच्या एका छोट्या कंपनीत मी कॉम्प्युटर मॉडेल्स बनवत होते. शेरिल आमची क्लायंट, एका फोन कंपनीतली. खोट्या नावाने फोन घ्यायचा, परदेशी कॉल लोकांना स्वस्तात विकायचे आणि बिल बुडवून पळायचं, असा धंदा तेव्हा चाले. ती माणसं आम्ही शोधायची. मॉडेल ज्याच्यावर बोट ठेवेल, त्याची लाइन बंद.

नेटवर्क म्हणजे टिंबं आणि रेघा. टिंब म्हणजे फोन, रेघ म्हणजे कॉल. टिंबं लाखो, पण एक माणूस फोन करून करून किती जणांना करणार? दहा-वीस. म्हणून हे नेटवर्क विरळ. एका मशीनला ते पेलत नाही, म्हणून त्याचे तुकडे करून प्रत्येक मशीनला एकेक द्यायचा. कटकट इथेच होती. काही रेघा एका तुकड्यातून दुसऱ्यात जातात. त्यांच्यासाठी मशीन्सना सतत एकमेकींना विचारावं लागतं, आणि सगळा वेळ त्या विचारण्यातच जातो.

पलीकडच्या क्यूबिकलमधून मिलिंद म्हणाला, "काहून डोकं खपवून राहिली? मधल्या रेघा टाकून दे. थोड्याच तर आहेत."

टाकल्या. रन जेवायच्या आत संपला. अचूकतेचा स्कोअर उत्तम. डेव्हने माझी पाठ थोपटली.

मला मात्र चैन पडेना. तुकडे करणारा प्रोग्रॅम सुरुवातीचं टिंब बदललं की नेटवर्क वेगळ्या जागी कापतो. मी सुरुवात बदलून पुन्हा चालवलं. स्कोअर तोच. संशयित जवळजवळ निम्मे नवे. फोन तेच, कॉल तेच, फक्त कात्री दुसरीकडून फिरली होती.

मी डेव्हला फळ्यावर काढून दाखवलं. "समजा, ही बाई इथे नवीन आलीय. तिचे कॉल दोनच ठिकाणी: इथेच शुगर लँडला बहिणीकडे आणि पुण्याला आईकडे. बहीण दुसऱ्या तुकड्यात गेली, ती रेघ आपण टाकली. उरलं काय? फक्त परदेशी कॉल. झाली चोर."

"एकूण स्कोअर बदलला का?"

"नाही. पण..."

"रेघा ठेवल्या तर रनला किती वेळ?"

"तीन-चार दिवस."

"त्यांना रोज सकाळी हवंय." त्याने फळा पुसला.

"मग त्या रिपोर्टवर माझं नाव नको."

"ठीक आहे," डेव्ह शांतपणे म्हणाला. मी भांडणाच्या तयारीने गेले होते. त्याला भांडायचंच नव्हतं.

पार्किंग लॉटमध्ये मिलिंदने मला गाठलं. "यार, तू H-1 व्हिसावर आहेस, नोकरी गेली तर परत जावं लागेल. तू नाही केलंस तर मी करणार, मी नाही केलं तर तिसरा. फरक काय पडून राहिला?"

"तू नको करूस ना."

"माझं ग्रीन कार्ड कंपनीकडे अडकलंय. तुला बोलायला सोपं आहे." तो गाडीत बसला. रिपोर्टवर त्याचं नाव गेलं.

महिनाभराने रिव्ह्यू मीटिंग झाली. शेरिल खूश होती. "तक्रारी फारच कमी," ती म्हणाली. "एक बाई मात्र थेट दुकानात येऊन रडली. आजाऱ्यांच्या घरी जाऊन देखभाल करते. लाइन बंद म्हणून एजन्सीचा फोन लागला नाही, काम दुसरीला गेलं. आम्ही लगेच लाइन सुरू केली हं."

"तिचं काम?" मी विचारलं.

"ते आमच्या हातात नाही ना."

डेव्ह माझ्याकडे वळला. "बघ, तक्रारी कमी आहेत."

"तक्रार कुठल्या फोनवरून करायची होती?"

सगळे हसले. शेरिलही. त्यांना तो विनोद वाटला. पुढची स्लाइड आली.

मॉडेल रोज सकाळी वेळेवर चालत राहिलं. मला दुसऱ्या प्रोजेक्टवर टाकलं. एवढं कळलं, की विरळ नेटवर्कमध्ये प्रत्येकाजवळ थोड्याच रेघा असतात. "थोड्याच टाकल्या" असं म्हणणाऱ्याने कुणाच्या टाकल्या हेही सांगावं. मी ते सांगितलं होतं. त्याने काही झालं नाही.