पाळीवरचा रामराम

मामा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी आमगावच्या बाजारात पत्रकं वाटत होतो. मोटारसायकलवाला माणूस, म्हणून शेजारच्याने तिथेच ठरवून टाकलं, "उडला असन तलावाच्या पाळीवरून." साफ खोटं. मामा तापाने गेला, घरच्या खाटेवर. गाडीवरून तो कधीच पडला नाही, आणि हे मी या पत्रकात छापून सांगतो आहे, कारण तेरवीच्या पंगतीतही एक जण बोललाच, "घमंडी होता. रामराम घेत नव्हता."

घमंडी... मामा लढाईतून परतलेला ड्रायव्हर. लष्कराने विकायला काढलेली जुनी मोटारसायकल घेऊन तो विडी कारखान्याच्या गावोगावच्या केंद्रांवर तपासणीला जायचा. अर्जुनीकडच्या वाटेत एका मोठ्या तलावाची पाळ लागते. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला खोल बांध्या, म्हणजे बांध घातलेली धानाची शेतं, आणि उन्हाळ्याच्या दुपारी तलावावरून येणारा वारा गाडीला आडवा मारतो. मला मागे बसवून मामा शिकवायचा: वेग कमी कर, गुडघ्यांनी टाकी धर, हँडल आवळू नको, गाडी जराशी वाऱ्याकडे झुकव. बैलगाडीच्या आडोशाला गेलास की वारा एकदम तुटतो आणि आडोसा संपला की दुप्पट बसतो, तेव्हा तयार राहा. "अन् हात नाही सोडाचा. कोणी का भेटेना."

आमच्याकडे वाटेत भेटलेल्याला हात उंचावून रामराम करतातच. त्या नादात सायकलवाले बांधीत गेलेले मी पाहिले आहेत. मामा पाळीवर फक्त तोंडाने रामराम म्हणायचा. वाऱ्यात तो ऐकू जायचा नाही, हाच त्याचा गुन्हा. पाळीपलीकडच्या गावचे जमीनदार म्हणजे मालगुजार; मालगुजारी कायद्याने गेली होती, मालगुजारांचा तोरा गेला नव्हता. पाळीवर मामाने त्यांना हात केला नाही म्हणून एक दिवस त्यांचे दिवाणजी दारात आले. "साऱ्या गावासमोर माफी मागा, नाहीतर आमच्या गावचं केंद्र तुमच्याकडे राहणार नाही."

"बसा मांगं," मामा म्हणाला. "मालकालेच विचारू."

मी सायकलने मागून निघालो; पाळीवर वाऱ्यामुळे गाडी हळू होती, म्हणून मी तिला गाठलं. पाळीच्या मध्यावर मालगुजार स्वतः उभे होते. दिवाणजींनी दोन्ही हातांनी मामाचं पोट आवळलेलं, टोपी कधीच तलावात गेलेली. मालकासमोरून गाडी गेली, पण दिवाणजींचा हात काही सुटला नाही. पाळ उतरल्यावर मामाने गाडी थांबवली. "काऊन जी दिवाणजी, मालकाले रामराम नाही केला? माज आला काय?"

दिवाणजी हसले नाहीत. केंद्र गेलं. मालगुजारांच्या एका शब्दावर कारखान्याने ते दुसऱ्याला दिलं. मामी म्हणाली, "मागून टाका ना माफी. तोंडच तर हालवाचं आहे." मामा म्हणाला, "चुकलो असतो तर पाय धरले असते." माफी त्याने शेवटपर्यंत मागितली नाही. ज्याला कुणी विकत घेऊ शकलं नाही, त्याला घमंडी म्हणणं सोपं असतं. म्हणा.

गाडी आता माझ्याकडे आहे. हँडलच्या रबरी मुठी त्याच्या तळव्यांनी झिजून गुळगुळीत झाल्या आहेत. गेल्या आठवड्यात भर दुपारी पाळीवर गेलो. वारा बसला. समोरून मालगुजार आले आणि माझ्याकडे पाहत थांबले. मी वेग कमी केला, गुडघे आवळले, दोन्ही हात त्या मुठींवर तसेच ठेवले आणि म्हणालो, "रामराम."

ऐकू गेला नसेल. हात जोडून हवा असेल तर त्यांनी पाळ उतरून खाली यावं.