तेवीस नंबरच्या कबरीवरचा ओला खडा

आमच्या घरात माझ्या बोलण्यातलं निम्मं वजा करून ऐकायची पद्धत आहे. बायको तर तीन चतुर्थांश वजा करते. त्यामुळे हा अनुभव लिहायला बसलो तेव्हा ती म्हणाली, "लिहा, पण खाली माझं नाव घालू नका." भुतंखेतं, करणी, अंगात येणं यातलं काही मी आजवर मानलेलं नाही. तीस वर्षं लग्नाचे फोटो काढलेत... हजारभर नवरदेव जवळून पाहिलेल्या माणसाला भुताची कसली भीती? पण शहाण्णव-सत्त्याण्णवच्या सुमारास, एका एप्रिलमध्ये, सकाळी लख्ख उजेडात जे झालं ते मी जसं झालं तसंच लिहितोय. यातलं काही वजा करू नका, ही विनंती.

माझा फोटो स्टुडिओ नाशिकरोडला. तिथे एक दिवस राहेलबाई आल्या. रेल्वेच्या शाळेतून रिटायर झालेल्या शिक्षिका. निम्म्या नाशिकरोडने त्यांच्या हातचा मार खाल्लेला, त्यात मीही. बाई बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. पाचवारी साडी, नाकात चमकी, दाराच्या चौकटीवर तिरकी ठोकलेली, आत प्रार्थनेचा कागद असलेली छोटी नळी, शनिवारी चूल बंद. त्यांच्या बंगल्याच्या पुढच्या दोन खोल्यांत त्यांचा 'संग्रह' होता. त्यांच्या लोकांचे जुने प्रार्थनाग्रंथ, लग्नाची करारपत्रं, कीर्तनांच्या वह्या, पत्रं, फोटो. सगळं कपाटात, प्रत्येक वस्तूला एक कार्ड. लोक इस्राएलला निघून जाताना घरातले कागद बाईंकडे टाकून जायचे. बाई एकट्या ते जपायच्या.

"विलास, कबरस्तानातल्या सगळ्या दगडांचे फोटो हवेत," बाई म्हणाल्या. "एकेचाळीस आहेत. अक्षर न् अक्षर वाचता आलं पाहिजे."

"बाई, मी मेलेल्या माणसाला हसवून फोटो काढलाय, अक्षरं काय चीज आहे."

"तुझं तोंड बंद ठेवून काढता येतील का ते बघ."

घाई होती. महिन्याभरात बाई कायमच्या मुलाकडे जाणार होत्या, इस्राएलमध्ये अश्दोदला. संग्रह तिकडच्या एका मोठ्या संशोधन संस्थेकडे जाणार होता, कार्डांसकट. एकेचाळीस कार्डं कबरींची. त्यातल्या अडतीस दगडांवर नावं होती, मराठीत आणि हिब्रूत. तीन कोरे होते. सात, तेवीस आणि अडतीस नंबर.

त्या तिन्हींत एक बाईंच्या आईची कबर होती. कुठली, ते बाईंना माहीत नव्हतं.

बाई तीन वर्षांच्या असताना आई गेली. वडील तेव्हा इथे नोकरीला. दगडावर नाव नुसतं रंगवलेलं, नंतर कोरून घेऊ म्हणून. तेवढ्यात त्यांची बदली झाली, मग तेही गेले, आणि पावसाळ्यांनी रंग धुऊन नेला. "झाडाखाली आहे" एवढंच वडील सांगायचे. झाड तर कधीच तोडलेलं. जाण्याआधी एकदा योग्य दगडावर हात ठेवायचा आणि कार्डावर आईचं नाव लिहायचं, एवढंच बाईंना हवं होतं. मी म्हटलं, तिन्हींवरही लिहून टाका ना. त्यावर बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मला चौथीतला बेंच आठवला.

"संग्रहात अंदाज चालत नाही. दोन साक्षीदार लागतात. आमच्यात तोच नियम आहे. आणि नातेवाईक साक्षीदार होऊ शकत नाही. म्हणजे मी तर नाहीच."

माझ्याकडे एक युक्ती होती. झिजलेल्या दगडावर आरशाने तिरपं ऊन पाडलं की पुसट अक्षरही सावली टाकतं. कोऱ्या दगडावर रंगवण्याआधी आखलेली एखादी रेघ जरी निघाली तरी काम झालं.

कबरस्तान एकलहऱ्याच्या बाजूला. चारी बाजूंना भिंत, एक फाटक, फाटकाशी नळ आणि राखणदाराची खोली. तिथे हिराबाई राहायची. पेठकडची बाई, नवरा पॉवर हाउसला राखेच्या कामावर. पॉवर हाउसच्या धुराड्यांची राख रोज पहाटेपर्यंत सगळ्या दगडांवर बसायची, साखर चाळल्यासारखी. चिमणी जरी चालली तरी पायांची नक्षी उठणार. हे लक्षात ठेवा.

पहिल्या दिवशी मी उत्साहात एकेचाळीस कबरी स्वच्छ केल्या. झाडल्या, धुतल्या, आणि प्रत्येकीवर जे बारके दगडगोटे पडलेले होते ते घमेल्यात भरून भिंतीपलीकडच्या नाल्यात ओतले. लग्नाचा फोटोग्राफर मी... स्टेजवर पडलेली पत्रावळही मला फ्रेममध्ये चालत नाही. तेवीस नंबरवर तर ढीगच होता. त्या एकट्या कबरीचं अर्धं घमेलं भरलं. मग आरशाने ऊन पाडून पाहिलं, तिन्ही कोऱ्या दगडांवर एक रेघही निघाली नाही.

दुपारी बाई आल्या. फाटकातच थांबल्या.

"खडे कुठे आहेत?"

"फेकले. आता बघा कशी चकाचक."

बाईंनी एकेक दगड नजरेखालून घातला. नळापाशी जाऊन उभ्या राहिल्या. मग शांतपणे म्हणाल्या, "विलास, आम्ही कबरीवर फुलं ठेवत नाही. येणारा एक खडा ठेवतो. मी येऊन गेलो, एवढं सांगायला. सत्तर-ऐंशी वर्षांत जो जो आला, तो तो तिथे होता."

मला वाटलं, धरणी दुभंगावी. मी म्हटलं, दारणेच्या पात्रातून ट्रकभर गोटे आणतो.

"कोणाचा कुठे ठेवशील? तेवीसवर तर, मला वाटायचं, बेवारशी दगड म्हणून येणारा प्रत्येक जण ठेवतो."

मी रिकामं घमेलं उचलून भिंतीशी ठेवलं. बाईंनी वही काढून माझ्यासमोर लिहिलं : 'सर्व खडे छायाचित्रकाराने काढले.' खाली तारीख. त्यांनी स्वतःच्या आईच्या बाबतीत सोडली नव्हती ती शिस्त माझ्या बाबतीत कशाला सोडतील?

दुसऱ्या दिवशी आठला पोचलो. एकेचाळीस दगड बोडके, वर राखेचा पातळ थर. फक्त तेवीसवर एक खडा.

काळा, गुळगुळीत, चिंचोक्यापेक्षा थोडा मोठा. आणि ओला. त्याच्याखालून पाण्याचा एक ओघळ राखेतून खाली उतरलेला. आजूबाजूच्या राखेवर पाऊल नाही, बोट नाही, काही नाही. मी हिराबाईला हाक मारली.

"हिराबाई, माझी गंमत करता काय?"

"मी नाय ठेवला दादा. तो रोजच असतो तिथं."

"रोज?"

"मी आले तवापास्नं. सकाळचा एक. मला वाटं कोनी येतंय पहाटेचं, भिंतीवरनं. लय माया असंल."

"आणि तुम्ही कधी बाईंना सांगितलं नाही?"

"कबरीवर खडा असतोच ना. ते काय सांगायचं?"

अर्ध्या घमेल्याचा हिशेब मला तेव्हा लागला. आता मी जे केलं ते शहाणा माणूस करत नाही. मी तो खडा उचलून जिभेला लावला. खारट. नाशिकच्या पाण्याला दहा चवी आहेत, त्यातली एकही खारट नाही. वास घेतला, तर बोंबील वाळत घातलेल्या अंगणाचा. खडा मी हिराबाईच्या हवाली केला.

तिसऱ्या दिवशी पहाटेच गेलो. उजाडलं होतं. ट्रायपॉड लावला, कॅमेरा तेवीसवर रोखला. हिराबाई शेजारी बशीत चहा ओतून बसली.

"तुम्ही दगडाकडे बघत राहायचं," मी तिला म्हटलं. "डोळा मिटायचा नाही."

"चहा पिताना बी?"

"चहा पिताना बी."

दर दोन-तीन मिनिटांनी एक फोटो. अकरावा फोटो काढला. दगड कोरा, राख सपाट. फिल्म पुढे सरकवायचा लिव्हर ओढला, डोळा परत लावला. खडा होता. पाणी अजून खाली ओघळत होतं, माझ्यासमोर, राखेत हळूहळू वाट करत. मी लगेच बारावा काढला; अकरा आणि बारा नंबरच्या फोटोंमध्ये लिव्हर ओढायला लागतो तेवढा वेळ. त्या निगेटिव्ह आजही माझ्याकडे आहेत.

"हिराबाई, पाहिलंत?"

"पाहत व्हते की."

"मग?"

"नव्हता. मंग होता." तिने बशी खाली ठेवली. "दादा, मी आता घरात जाते."

मी खडा रुमालात बांधला आणि स्कूटर थेट बाईंच्या बंगल्यावर. एका दमात सगळं सांगितलं. बाई कार्डांना दोरा बांधत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मागच्या आठवड्यात तू मला सांगितलंस की एका नवरदेवाचा घोडा तुझ्या फ्लॅशला घाबरून पळाला आणि लष्करात भरती झाला."

"ते खोटं होतं बाई. हे खरं आहे."

रुमाल सोडून खडा टेबलावर ठेवला. तो अजून ओला होता. उन्हात, चाळीस मिनिटं, रुमालात.

बाईंनी तो उचलला. नाकाशी नेला. आणि मग कार्डांचा दोरा बाजूला सारला.

"आई गेल्यावर मला आजीकडे पाठवलं," बाई म्हणाल्या. "आईच्या आईकडे, अलिबागजवळ. समुद्र परसातच. आजीला तार उशिरा मिळाली होती. मातीला पोचली नाही. नंतरही नाशिकला कधी आली नाही, आगगाडीची भीती. पण रोज सकाळी पाण्यापर्यंत जायची, एक खडा निवडायची आणि परसातल्या जोत्यावर ठेवायची. म्हणायची, जाईन तेव्हा सगळे घेऊन जाईन तिच्यासाठी." त्यांनी खडा टेबलावर ठेवला. "मी शाळेत असताना आजी वारली. जोतं खड्यांनी भरलेलं होतं. कोणीतरी ते झाडून टाकलं."

परवा मीही तेच केलं होतं.

"म्हणजे तेवीस नंबर," मी म्हटलं. "लिहा नाव."

"मी मुलगी आहे. मी असं म्हणणारच. म्हणून तर नातेवाईक चालत नाही."

दुसऱ्या दिवशी पहाटे बाई आल्या. तेवीसशेजारी सतरंजी टाकून बसल्या, हातात स्तोत्रांचं पुस्तक. मी फाटकाशी, हिराबाई दारात. सहा वाजले, सात वाजले, आठ. ऊन दगडावर चढलं. राख तशीच सपाट.

त्या सकाळी खडा आला नाही.

मला बाईंच्या तोंडाकडे बघवेना. सगळं आयुष्य थापा मारल्या आणि एका खऱ्या गोष्टीच्या वेळी मी एकटा पडलो होतो. साडेआठला बाई उठल्या. कमरेच्या चंचीतून तोच खडा काढला, तेवीसवर ठेवला, आणि तळहात दगडावर टेकवून उभ्या राहिल्या. मग कबरस्तानातून निघताना धुतात तसे नळावर हात धुतले.

"बाई, मी खोटं बोललो नव्हतो."

"मी काही म्हटलं का?" त्या म्हणाल्या. आणि हिराबाईच्या खोलीत गेल्या.

पंधरा दिवसांनी बाई अश्दोदला गेल्या. हिराबाई अजून दोन वर्षं तिथे होती. ती सांगायची, त्यानंतर एकही खडा आला नाही. बाईंनी ठेवलेला मात्र होता. तो लवकरच कोरडा पडला, म्हणाली.

दोन हजार पाचच्या आसपास एक मुलगी स्टुडिओत आली. अश्दोदकडची, त्या संशोधन संस्थेत नोकरीला. मराठी बोलायची ती आजीकडून शिकलेली, साठ वर्षं जुनी, ऐकून गंमत वाटली. "आपण विलासराव का? आपल्यास एक विचारावयाचे होते." राहेलबाई दोन वर्षांपूर्वी वारल्याचं तिच्याकडूनच कळलं. तिने कार्ड नंबर तेवीसची प्रत माझ्या काउंटरवर ठेवली.

नावाच्या जागी बाईंच्या आईचं नाव होतं. बाईंच्या त्या चौथीच्या फळ्यावरच्या अक्षरात.

पुराव्याच्या जागी : 'दोन साक्षीदार. नातेवाईक नाहीत. पहिला, विलास, छायाचित्रकार : पाहिले, चाखले. दुसरी, हिराबाई, राखणदार : पाहिले.' शेजारी हिराबाईचा अंगठा.

"चाखले म्हणजे काय, हे आमच्याकडे कोणास उमजेना," मुलगी म्हणाली. "आणि हा खाली शेरा आहे."

मी चष्मा लावला. बारीक अक्षरात लिहिलं होतं : 'पहिला साक्षीदार सवयीने अतिशयोक्ती करतो. या बाबतीत केलेली नाही.'

मी काउंटरखाली काहीतरी शोधायचं नाटक करत दोन मिनिटं वाकून राहिलो. मग तिला सगळं सांगितलं, इथे लिहिलंय तेवढंच. तिने कागदावर उतरवून घेतलं. शेवटी पेन थांबवून विचारलं, "याचे स्पष्टीकरण आपण काय देता?"

मी खूप विचार केला. खरं सांगतो, मनात चार-पाच छान छान तयार झाली होती. एकात तर समुद्री पक्षी होता.

"काही नाही," मी म्हटलं.

तिने तेच लिहिलं, आणि मी खाली सही केली.