वरचा आकडा

मी साताऱ्यात एका संशोधन केंद्रात काम करते. आमचा गट नदीच्या पाण्याची उंची मोजणारं उपकरण बनवतो. पुलाच्या कठड्याला बाहेरून एक डबा टांगायचा. तो खाली पाण्याकडं लहरी सोडतो आणि त्या परत यायला किती वेळ लागला यावरून पाणी किती फुटांवर आलं ते कळतं. ऐकायला सोपं वाटतं. त्यात माझी अकरा वर्षं गेली.

शनिवारी दुपारी मात्र मी सांगलीची एसटी धरायची. तिथं नदीजवळच्या एका गल्लीत चाचांची खोली होती. चाचा नाटकाचे पडदे रंगवायचे, आणि गावोगावच्या यात्रेतली नाटकवाली मंडळी ते पडदे घेऊन जायची. कॉलेजला सांगलीत होते तेव्हा आमच्या नाटकाला दरबाराचा पडदा मागायला मी पहिल्यांदा गेले, आणि पडदा न्यायचं सोडून तिथंच बसून राहिले. चाचा एका खांबावर सावली टाकत होते. मांजरपाटाचं वीस फुटी कापड, हाडं-चामड्याच्या शिजवलेल्या सरसात कालवलेले पावडरचे रंग आणि हातभर लांब ब्रश. जवळून बघितलं तर नुसते फराटे, दहा पावलं मागं गेलं की संगमरवर. मला त्याचं वेड लागलं ते लागलंच. नोकरी लागल्यावरही माझे रविवार तिथंच गेले. पहिली दोन वर्षं त्यांनी मला फक्त सरस शिजवायला ठेवलं. त्याचा वास अंगाला असा चिकटायचा की सोमवारी ऑफिसात माझ्या शेजारी कुणी बसायचं नाही.

ऑफिसात मला कलाकार म्हणायचे. ‘मॅडमना रविवारी फोन करू नका, त्या राजवाडा बांधतायत,’ असं आमचे सर मीटिंगमध्ये म्हणायचे. सगळे हसायचे, मीही हसायची. चाचांकडं उलटं. आल्यागेल्याला ते सांगायचे, ‘आमची बेटी शास्त्रज्ञ हाय. नदी मोजती.’ म्हणजे जिथं जे काम करत होते, तिथं त्या कामाची म्हणून मला कुणी धरतच नव्हतं. दोन्ही किती छान सांभाळतेस, असं नातेवाईक म्हणायचे. कसलं सांभाळणं! दोन्हीकडं उशिरा पोचायची आणि दोन्हीकडून लवकर निघायची.

सांगलीत पावसाळ्यात माणसं एकमेकांना तब्येत विचारत नाहीत, पुलापाशी किती फूट झालं ते विचारतात. प्रत्येकाला आपल्या दाराचा आकडा पाठ असतो. चाचांचा आकडा मीच काढून दिला होता. त्यांचा उंबरा पुलावरच्या किती फुटांना भिजेल ते मी एकदा रीतसर मोजलं आणि त्यांनी तो आकडा निळ्या रंगानं दारावर लिहिला. आत पंचवीसेक पडदे बांबूंवर गुंडाळून ठेवलेले असायचे. दरबार, रस्ता, देऊळ, जंगल. त्यातलं एक जंगल माझं होतं, तीन वर्षांच्या रविवारांचं. पूर येणार असला की हे सगळं समोरच्या शाळेच्या माडीवर न्यायचं. पण उगाच न्यायचं नाही, कारण सरसातला रंग जुना झाला की हलवताना झडतो. दर खेपेला कुठल्यातरी राजाच्या महालाचे पोपडे पडायचे. म्हणून उचलायचं की ठेवायचं हे चाचा मला विचारून ठरवायचे. आणि उचलायचं ठरलं की मी साताऱ्याहून यायचीच. कुठला पडदा कुठं धरायचा हे आम्हा दोघांनाच कळतं, अशी माझी समजूत होती.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये कोयनेतून पाणी सोडलं होतं आणि पाऊसही थांबत नव्हता. दुपारी तीनच्या सुमाराला चाचांचा फोन आला.

‘बेटा, उचलू का ठेवू?’

दुसऱ्या दिवशी आमच्या उपकरणाचं प्रात्यक्षिक होतं. बाहेरगावाहून मोठी माणसं येणार होती. ‘उद्या तरी शास्त्रज्ञ व्हा,’ असं सर सकाळीच मला म्हणाले होते, आणि ते मला लागलं होतं. समोरच्या स्क्रीनवर पुराचा अंदाज होता. अंदाज म्हणजे एक आकडा कधीच नसतो, दोन असतात. पाणी कमीत कमी इथवर येईल, जास्तीत जास्त तिथवर. खालचा आकडा चाचांच्या उंबऱ्याच्या दीड फूट खाली होता. वरचा अडीच फूट वर होता. वरचा सांगितला असता तर मला लगेच निघावं लागलं असतं. कराडपर्यंत रस्ता चालू होता, पुढचं ठाऊक नव्हतं, आणि परत कधी येता येईल हे तर कुणालाच सांगता आलं नसतं.

‘ठेवा चाचा,’ मी म्हणाले. ‘उंबऱ्याला लागत नाही.’

‘नक्की न्हवं?’

‘नक्की.’

हा शब्द मी अहवालात लिहिला असता तर सरांनी लाल पेनानं खोडला असता. चाचांनी तो ऐकला, ‘बरं’ म्हणाले आणि फोन ठेवला. मी पुन्हा कामाला लागले. फार वाईट वाटलं असं म्हणायचा मोह होतो, पण तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी प्रात्यक्षिक अकराला सुरू झालं. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर सांगलीच्या पुलाखालचं पाणी रेघ होऊन दिसत होतं. मी बोलत होते आणि रेघ चढत होती. पाहुण्यांना असा चढता पूर आयता मिळाला होता, ते खुर्च्या पुढं ओढून बघायला लागले. बाराच्या आसपास रेघ चाचांच्या दारावरच्या आकड्याला आली. तो आकडा त्या खोलीत मला एकटीलाच माहीत होता. मी बोलायची थांबले नाही. रेघ त्याच्या वर गेली, तेव्हा कुणीतरी विचारलं की मोजमापात चूक किती असू शकते. मी म्हणाले, अर्ध्या इंचाच्या आत. टाळ्या झाल्या.

पाहुणे गेल्यावर मी चाचांना फोन लावला तर तो बंद होता. रस्ते उघडायला आणि मला रजा मिळायला बारा दिवस लागले.

मी पोचले तेव्हा गल्लीत चिखलाचा थर होता आणि चाचा शेजाऱ्यांच्या मदतीनं एकेक पडदा रस्त्यावर उलगडत होते. सरस पाण्यात विरघळतो. कापड शाबूत होतं आणि त्यावर काही नव्हतं. गढूळ तपकिरी मांजरपाट, कुठं निळ्याचा डाग, दरबाराच्या पडद्यावर अर्धा खांब. खरं सांगते, मी आधी माझं जंगल शोधलं. ते कुठलं हेसुद्धा मला ओळखता आलं नाही. मग मी चाचांकडं बघितलं. चाळीस वर्षांचं काम त्यांच्या पायाशी पसरलेलं होतं आणि ते शेजाऱ्यांना समजावत होते, ‘पोरीनं बरोबरच सांगितलं व्हतं. पाणीच लय आलं. रातीतच गल्लीत शिरलं, न्यायला वाट ऱ्हायली न्हाई.’

मी गप्प राहिले. पुढचे तीन महिने राहिले. दरम्यान त्या उपकरणाबद्दल मला बढती मिळाली आणि सरांनी मला कलाकार म्हणणं सोडलं. नाटकवाल्या मंडळींनी छापलेले फ्लेक्स न्यायला सुरुवात केली. चाचांनी सरसाचं भांडं धुऊन पालथं घातलं. रविवारी मी जायची, आम्ही चहा प्यायचो. रंगवायचं नाव दोघंही काढत नव्हतो.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी मात्र मला ते आणखी सोसेना. मी सगळं सांगितलं. दोन आकडे होते, वरचाही दिसत होता, मला यायचं नव्हतं म्हणून खालचा सांगितला. मला वाटलं होतं, ते म्हणतील जाऊ दे. मनातून मी तेच ऐकायला गेले होते.

चाचा म्हणाले, ‘यायचं न्हवतं, तर येत न्हाई म्हणायचंस. गल्लीत आठ माणसं व्हती. सांजच्याला समदं माडीवर गेलं असतं.’

मी म्हणाले, ‘पण धरायचं कुठं ते त्यांना...’

‘मी व्हतो की,’ चाचा म्हणाले.

एवढंच. आवाज चढवला नाही, चहाही दिला. हे इतक्या वर्षांत माझ्या एकदाही डोक्यात आलं नव्हतं, की मी नसले तरी त्यांचं काम झालं असतं. त्यांना माझे हात नको होते, आकडा हवा होता, आणि तेवढाच मी दिला नाही.

आता पावसाळ्यात पाणी चढायला लागलं की मी दोन्ही आकडे कागदावर लिहून फोनपाशी ठेवते. चाचांचा फोन येत नाही. पलूसला त्यांचा एक भाचा आहे, तो टीव्ही बघून सांगतो, आणि त्याच्या सांगण्यावर ते गाद्या माळ्यावर टाकतात.